नाही म्हणण्याची मोकळीक

परिचारिकेच्या नोकरीत मी एक पथ्य पाळत आले. वॉर्डमधल्या पेशंटशी मी होऊन येशूविषयी कधी बोलले नाही. गळ्यातला क्रॉस पाहून कोणी काही विचारले तर दोन वाक्यांत उत्तर देत असे, कोणी प्रार्थना करा म्हणाले तर ड्युटी संपल्यावर खाटेशेजारी उभी राहून करत असे. पण हाताला सलाईन लावलेल्या, कुशीवर वळायलासुद्धा माझी मदत लागणाऱ्या माणसापुढे सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, मांडणे मला कधी पटले नाही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काही मैत्रिणींना हा माझा भित्रेपणा वाटे. त्यामुळे माझ्या निवृत्तीनंतर आमच्या पाळकसाहेबांनी घरभेटी देऊन साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव, सांगणारा एक लहान गट सुरू केला आणि त्यात माझे नाव घातले, तेव्हा त्यांना नवल वाटले. खरे तर मलाही वाटले.

अशा गटांना बहुधा काय बोलावे ते शिकवतात. पाळकसाहेबांनी मात्र दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. समोरचा नाही म्हणाला तर काय करायचे, या एकाच प्रश्नावर त्यांनी पावसाळ्यातले सगळे शुक्रवार खर्च केले. प्रेषितांच्या कृत्यांतला सतरावा अध्याय आम्ही आधी वाचला. पौलासारखा विद्वान वक्ता अथेन्सच्या अरीयपगावर उभा राहून तिथल्या लोकांच्याच कवींचा दाखला देत बोलतो, आणि हाती काय लागते? काही जण टवाळी करतात, काही जण ‘याविषयी तुझे पुन्हा ऐकू’ म्हणून उठून जातात, आणि मोजके लोक विश्वास ठेवतात, ज्यांत दामारी नावाची एक स्त्री असते. पौल तिथे थांबून टवाळखोरांशी वाद घालत नाही. तो त्यांच्यामधून निघून जातो. मग मार्काच्या दहाव्या अध्यायातला तो श्रीमंत माणूस आला. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याच्यावर प्रीती केली, असे मार्क मुद्दाम नोंदवतो, आणि तरीही तो माणूस खिन्न होऊन निघून गेला तेव्हा येशू त्याच्या मागे धावला नाही, सगळे विकून गरिबांना देण्याची अटही सैल केली नाही. हा उतारा मी लहानपणापासून ऐकत आले आहे, पण त्यातला श्रीमंतीचा मुद्दाच नेहमी पुढे येत असे. प्रीती आणि जाऊ देणे ही दोन्ही तिथे एकाच वेळी घडतात, हे त्या शुक्रवारी प्रथम नीट दिसले.

मंडळीतल्या एका वकीलसाहेबांनी एक संध्याकाळ घेतली. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिला आहे, मात्र तो सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. आणि १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा नव्हे. गटातल्या काहींना हा निकाल टोचला. मला तो अडचणीचा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. मन पालटवणे हे माझ्या हातचे काम आहे, असे पवित्र शास्त्रही म्हणत नाही. पौल करिंथकरांना लिहितो की मी लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, पण वाढवणारा देव. न्यायालयाने माझ्याकडून जे काढून घेतले ते माझ्याकडे कधी नव्हतेच.

शेवटी काही नियम ठरले. ओळखीच्या किंवा बोलावणाऱ्या घरीच जायचे. आईवडिलांच्या परवानगीवाचून मुलांशी या विषयावर बोलायचे नाही. औषध, पैसा, शाळेची फी अशी कोणतीही मदत आणि सुवार्ता यांची सांगड घालायची नाही. आणि एकदा नाही असे उत्तर मिळाले की त्या माणसाने स्वतः काढल्याशिवाय तो विषय पुन्हा काढायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्या आग्रहाने आला. तो सर्वांना आवडला असे नाही.

भेटी सुरू झाल्यावर सरळ नकार सर्वांत सोपा असतो, हे लवकरच लक्षात आले. पुण्यातल्या तळजाई टेकडीवर फिरायला येणारी माझी एक जुनी मैत्रीण म्हणाली, ‘अगं, मला या विषयात रसच नाही, ना तुझ्या देवात ना माझ्या.’ आम्ही पुढे गुडघ्यांच्या दुखण्यावर बोललो. अशा नकारांबद्दल लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

कोथरूडचा प्रसंग वेगळा होता. माझ्याबरोबर भेटींना येणारा तरुण हिंजवडीत नोकरी करतो, मला मावशी म्हणतो आणि बोलायला माझ्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. त्याच्या ऑफिसातल्या मित्राने आम्हांला घरी बोलावले होते, कारण नाताळाच्या निमित्ताने त्याला काही प्रश्न पडले होते. बोलणे रंगात आले असताना मित्राचे काका आतल्या खोलीतून आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘एका माणसामागे किती मिळतात तुम्हांला? की अजून तांदळाच्या पोत्यावरच चालले आहे?’

हा टोमणा मराठी ख्रिस्ती माणसाने जन्मभर ऐकलेला असतो. विहिरीत पाव टाकून गावे बाटवल्याच्या गोष्टीपासून आजच्या मोबाइलवरच्या विनोदांपर्यंत त्याची रूपे बदलतात, आशय तोच राहतो: तुमच्या वाडवडिलांनी श्रद्धा विकली आणि आता तुम्ही दलाली करता. माझ्या तरुण सोबत्याचा चेहरा लाल झाला. नगर जिल्ह्यातले त्याचे घराणे चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहे, आणि त्याच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पोटभर जेवण मिळण्याऐवजी गावचे पाणी बंद झाले, ही हकीकत तो लहानपणापासून ऐकत आला आहे. ती तो तावातावाने सांगू लागला. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काकांना म्हटले, ‘मला पेन्शन मिळते, काका, आणि तिचा दहावा हिस्सा मी मंडळीला देते. तेव्हा हिशेब उलटा आहे.’ ते हसले नाहीत, पण चढलेला आवाज खाली आला. मग त्यांनी सांगितले की त्यांच्या गावाकडच्या एका चुलतभावाला कोणीतरी मुलाच्या नोकरीचे आश्वासन देऊन सभांना नेले, नोकरी काही लागली नाही, आणि घरात भांडणे मात्र लागली. ते कोण लोक होते ते त्यांना ठाऊक नव्हते आणि मलाही कळायला मार्ग नव्हता. पण त्या घरात येशूच्या नावाबरोबर काय आत गेले होते, ते कळले. आमचे एक वाक्यही ऐकण्याआधी काकांनी जे नाकारले होते, ते नाकारण्याजोगेच होते. मी त्यांना तसे सांगितले. त्यांनी आम्हांला चहा घेऊन मग जा म्हटले, आणि त्या ‘मग जा’मधला अर्थ ओळखून आम्ही चहा घेऊन उठलो.

बसमध्ये सोबती बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मावशी, आपण असेच ऐकून घेत राहायचे का?’ मी त्याला लूकच्या नवव्या अध्यायाची आठवण दिली. शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा याकोब आणि योहान यांनी आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागितली. येशूने वळून त्या दोघांनाच धमकावले आणि सगळे दुसऱ्या गावी गेले. शास्त्रात त्या गावाच्या वाट्याला एक शब्दही येत नाही, रागावणे येते ते शिष्यांच्या वाट्याला. पायाची धूळ झटकण्याची जी आज्ञा मत्तयात आहे, तिचा अर्थ पुष्कळ लोक शापासारखा लावतात. मला वाटते तिचा एक उपयोग झटकणाऱ्यालाच आहे: एका घरातला कडवटपणा पायाला चिकटून पुढच्या घरात येऊ नये. त्याला हे सगळे लगेच पटले नाही, आणि पुढचे काही आठवडे तो आला नाही. नंतर आपण होऊन परत आला.

ज्या नकाराने माझा विचार खऱ्या अर्थाने हलवला, तो सदाशिव पेठेतल्या एका आजींचा. त्यांच्या यजमानांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या वॉर्डला होते आणि तेव्हापासून आमचे जाणेयेणे आहे. जुना वाडा पाडून झालेल्या इमारतीत त्या तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात, वय नव्वदीकडे झुकलेले, वाचन मात्र अजून दांडगे. मी काय काम हाती घेतले आहे ते त्यांना कळले होते, आणि त्यांनीच ‘ये, मला सांग तुझे’ म्हणून निरोप धाडला. मी गेले तेव्हा त्यांनी कपबशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाल्या, ‘घे. पंचहौदाचा चहा आम्ही घेतला, आता आमचा तू घे.’ गुरुवार पेठेत राहणाऱ्या माणसाला हा विनोद समजावून द्यावा लागत नाही. १८९० साली तिथल्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक यांच्यासारखी मंडळी व्याख्यानाला गेली असताना पुढे आलेला चहा काहींनी घेतला, त्यांची नावे वर्तमानपत्रात आली आणि ख्रिस्त्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. त्या चहाची गोष्ट आमच्याकडे अजून चवीने सांगतात.

मी माझी साक्ष सांगितली. त्यांनी मध्ये न बोलता ऐकली. मग त्यांनी त्यांच्या सासरच्या घराण्यातली एक हकीकत सांगितली. त्या घरातली एक बालविधवा पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होती. सदन १८८९ साली मुंबईत सुरू झाले आणि पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथे धर्माचे शिक्षण दिले जाणार नाही, असे रमाबाईंचे वचन होते. त्या स्वतः मात्र ख्रिस्ती होत्या, आपल्या खोलीत प्रार्थना करत, खोलीचे दार उघडे असे, आणि काही मुली आपण होऊन तिथे येऊन बसू लागल्या. १८९३ साली यावरून वादळ उठले, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. त्यांत ही मुलगी होती.

‘तिला आणली आणि तिचे भले झाले, असे मी म्हणणार नाही,’ आजी म्हणाल्या. ‘जन्मभर आलवणात स्वयंपाकघरात राबली. शिकायची तेवढी राहून गेली. आमच्या माणसांनी तिला विचारले नाही. पण तुझ्या बाईंचेही मला सगळे पटत नाही. त्यांनी सक्ती केली नाही, हे मी मान्य करते. पण ज्या पोरीला त्या घरातून बाहेर जायला जागाच नाही, तिला दार उघडे काय आणि बंद काय!’

रमाबाईंच्या बाजूने बोलण्यासारखे माझ्याकडे पुष्कळ होते. ज्या मुलींना दुसरे कोणी दारात उभे करत नव्हते त्यांना त्यांनी घर दिले. आपली श्रद्धा लपवून ठेवणे हाही एक प्रकारचा खोटेपणाच झाला असता. पुढे दुष्काळात त्यांनी केडगावला शेकडो स्त्रियांना आणि मुलींना जगवले. यातले थोडे मी बोलले, आणि रमाबाईंविषयी माझा आदर त्या दिवशी जसा होता तसा आजही आहे. पण आजींचे वाक्य मी घरी घेऊन आले. वॉर्डमधल्या खाटेशी मी जे पथ्य तेवीस-चोवीस वर्षांच्या वयात केवळ संकोचाने धरले होते, त्याचे कारण मला एका हिंदू बाईंनी माझी सुवार्ता नाकारताना दिले होते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो म्हणण्याला काय किंमत? योहानाच्या सहाव्या अध्यायात लोक सोडून जाऊ लागतात, तेव्हा येशू बारा जणांना विचारतो, ‘तुम्हीही जाऊ पाहता काय?’ जवळच्यांनाही तो वाट मोकळी ठेवतो.

आजींचा निर्णय स्पष्ट होता. ‘तुझा येशू मला आवडतो. पण मी रामाची आहे, राम म्हणतच जाईन. आता हा विषय पुन्हा नको.’ मी एवढेच विचारले की तुमच्यासाठी प्रार्थना केलेली चालेल का. त्या म्हणाल्या, ‘कर की, त्याला कोण नाही म्हणतो!’ मी अजूनही त्यांच्याकडे जाते, रक्तदाब मोजते, त्या मला ‘केसरी’तल्या जुन्या भांडणांबद्दल सांगतात, आणि तो विषय आम्ही दोघींनी परत काढलेला नाही.

कोणाला वाटेल की इतक्या सहज नकार घेणाऱ्या बाईचा स्वतःच्या निरोपावरच विश्वास नसावा. गटात हा आक्षेप घेतला गेला, आणि तो हलका नाही. तारण येशूत आहे असे मी मानते. आजींनी ते नाकारले याचे मला दुःख आहे आणि ते जात नाही. पण ऑपरेशनची गरज असलेला शुद्धीवरचा पेशंट नको म्हणतो, तेव्हा त्याच्या नकारावर सही घेतात, त्याला टेबलाला बांधत नाहीत, आणि सही झाली म्हणून त्याच्या जखमेचे ड्रेसिंगही बंद करत नाहीत. मला याहून वेगळे वागणे जमणार नाही.

पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत आमची मंडळी महिन्यातून एकदा रक्तदाब आणि साखर तपासण्याचे शिबिर घेते. तिथे येणारी एक धुणीभांडी करणारी बाई माझ्या परिचयाची झाली. गोळ्यांची पट्टी ती पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवत असे, आणि मी काहीही बोलले तरी हात जोडून म्हणत असे, ‘हो सिस्टरबाई, येशूच खरा.’ मी तिच्यापाशी येशूचे नावही काढलेले नव्हते. कुठल्या रांगेत कोणता देव चालतो ते तिने आयुष्यभराच्या अनुभवाने शिकून घेतले होते. कोथरूडच्या काकांचा टोमणा मला लागला नव्हता इतका हा होकार लागला. तिला बाजूला घेऊन मी सांगितले की गोळ्यांचा आणि देवाचा इथे काही संबंध नाही, तू कोणाचेही नाव घे किंवा घेऊ नको, पट्टी मिळेलच, आणि मी नसले तरी मिळेल. तिचा विश्वास बसला नाही. पुढच्या शिबिरातही तेच हात, तेच वाक्य. मग मी पाळकसाहेबांना सांगून शिबिराच्या सुरुवातीची प्रार्थना सकाळी चर्चमध्येच उरकण्याची पद्धत पाडली, टेबलावरच्या सुवार्तेच्या पत्रिका उचलायला लावल्या, आणि नोंदणीला वस्तीतल्याच दोन मुली बसवल्या. यावर मंडळीत थोडी कुरकुर झाली. येशूचे नाव घ्यायला लाजता का, असेही कोणी म्हणाले. काही महिन्यांनी ती बाई पट्टी घेऊन, गाठ मारून, जाता जाता वळली आणि म्हणाली, ‘सिस्टरबाई, खरे सांगू का, मला आपला खंडोबाच बरा. दर सोमवती अमावास्येला जेजुरीला जाते मी.’ इतका आनंद मला एखाद्या बाप्तिस्म्याच्या वेळी झाला असेल. तिला मी तो सांगितला नाही, फक्त जेजुरीच्या पायऱ्या जपून चढ म्हटले, कारण तिच्या रक्तदाबाचा वरचा आकडा तेव्हा एकशे सत्तरच्या खाली येत नव्हता.

हा सारा विचार माझ्याच घरी माझ्यापुढे येऊन उभा राहील, असे मात्र मला वाटले नव्हते. माझा मुलगा वाकडला राहतो. कॉलेजनंतर त्याचे उपासनेला येणे कमी होत गेले आणि लग्नानंतर थांबले. त्याला कसलाही राग नाही; विश्वास वाटत नाही, एवढेच तो म्हणतो. घरातला नकार परक्याच्या नकारासारखा नसतो. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तो स्वीकारला नाही; त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० साली, आपल्या मनाने, आणि मधल्या वर्षांत त्या दोघांनी काय सोसले ते लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवले आहे. हे उदाहरण मला मंडळीतल्या बायका धीर देण्यासाठी सांगतात. पण ते शेवट गोड झालेले उदाहरण आहे, आणि माझा नियम शेवट गोड होण्याच्या बोलीवर केलेला नाही.

यंदा नातीच्या बाप्तिस्म्याचा विषय निघाला. आमच्या मंडळीत तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतात, आणि नाताळाच्या आसपास तो व्हावा असे मला मनापासून वाटत होते. मुलगा शांतपणे म्हणाला, ‘आई, नाही म्हणता येत नाही त्याच्या होकाराला किंमत नाही, हे तूच सांगतेस ना? मग सात महिन्यांच्या पोरीचे काय?’

याला उत्तर आहे, आणि ते मी त्याला दिले. बाळाला आपण भाषा विचारून देत नाही, आडनाव विचारून देत नाही. देवाची कृपा माणसाच्या समजुतीच्या आधी येते, हेच तान्ह्याचा बाप्तिस्मा सांगतो. आणि मोठी झाल्यावर दृढीकरणाच्या, म्हणजे हा विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वेळी ती स्वतः हो किंवा नाही म्हणू शकते. त्याने ऐकले, त्यातले पहिले त्याला पटलेही. पण बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांना वेदीपुढे उभे राहून आपल्या स्वतःच्या विश्वासाची कबुली द्यावी लागते आणि लेकराला त्या विश्वासात वाढवण्याचे वचन द्यावे लागते. ‘ते मी खोटे बोलू का?’ असे त्याने विचारले. तिथे मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि असते तरी मी ते दिले नसते. माझ्यासाठी, नातेवाइकांसाठी, फोटोसाठी त्याने ते वचन उच्चारले असते, तर पदराच्या गाठीतली गोळ्यांची पट्टी आणि ते वचन यांत मला फरक करता आला नसता.

पाळकसाहेबांना मी सांगून आले की आमच्या घरातला बाप्तिस्मा यंदा होणार नाही, आणि कारणही सांगितले. त्यांनी मला समजावण्याचा प्रयत्न केला नाही. मंडळीत बाप्तिस्म्यासाठी नाव देणाऱ्या तरुण आईबापांची एक बैठक जानेवारीत घ्यायची आहे, वचनांचा अर्थ त्यांना आधीच नीट समजावा म्हणून. ती तुम्हीच घ्या, असे ते म्हणाले. मुलाला मी ते सांगितले, तेव्हा त्याने बैठकीला येऊन मागे बसले तर चालेल का, असे विचारले. मी म्हटले, चालेल, पण मी तुला एकही प्रश्न विचारणार नाही.